हिशेबनिसाचे राज्य



हुकूमशहा म्हटला की डोळ्यांसमोर काय येते ते ठरून गेले आहे. लष्करी पोशाख, राजवाड्याचा सज्जा, खाली लाखांचा जमाव आणि फाटेपर्यंत ताणलेला आवाज. जर्मनी आणि इटलीने हे चित्र आपल्या मनावर इतके ठसवले, की त्यात न बसणारा माणूस आपल्याला हुकूमशहा वाटतच नाही. म्हणून आज मी एका वेगळ्या गृहस्थाविषयी बोलायचे ठरवले. गर्दीचा त्याला तिटकारा होता. तो विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचा, सकाळी चर्चमध्ये जायचा, अविवाहित होता, आणि पंतप्रधान झाल्यावर सरकारी निवासस्थानाच्या परसात त्याने कोंबड्या पाळलेल्या होत्या. या माणसाने १९३२ ते १९६८ अशी छत्तीस वर्षे पोर्तुगालवर राज्य केले, आणि त्यातली जवळजवळ तीस वर्षे आपला गोवाही त्याच्या मुठीत होता. आंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार हे त्याचे नाव. जुन्या गोमंतकीयांना ते वेगळे सांगायला नको.

सुरुवात मात्र त्याच्यापासून करत नाही, एका भामट्यापासून करतो.

१९२५ साली पोर्तुगालच्या पाचशे एस्कुदोंच्या नोटेवर वास्को द गामाचे चित्र असे. आल्व्हेस रेइस नावाच्या एका धाडसी इसमाने बँक ऑफ पोर्तुगालच्या नावाने खोटी कागदपत्रे तयार केली आणि लंडनच्या वॉटरलो कंपनीकडून, म्हणजे या नोटा जिथे छापल्या जात त्याच छापखान्यातून, दोन लाखांहून अधिक नोटा छापून घेतल्या. त्यांना बनावट म्हणायचीसुद्धा पंचाईत. कागद खरा, शाई खरी, छापखाना खरा. खोटी होती ती फक्त ऑर्डर. त्या पैशावर रेइसने स्वतःची बँक काढली आणि बँक ऑफ पोर्तुगालचेच शेअर गोळा करायला लागला! डिसेंबरात एका वर्तमानपत्राने हे प्रकरण उघडकीला आणले, तेव्हा सामान्य माणसाच्या हातातली नोट आणि मनातला भरवसा दोन्ही एकदम गेले.

हा भरवसा आधीच झिजलेला होता. १९०८ मध्ये राजा कार्लुश मारला गेला, १९१० मध्ये राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. त्या प्रजासत्ताकाच्या सोळा वर्षांत चाळीसहून अधिक सरकारे आली आणि गेली. एक राष्ट्राध्यक्ष लिस्बनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या घालून मारला गेला, एका पंतप्रधानाला १९२१ च्या एका रात्री बंडखोर सैनिकांनी संपवले. पहिल्या महायुद्धात उतरून देश कर्जात बुडाला, भाकरी महागली. अशा वेळी लोक जे बोलतात तेच तिथेही बोलू लागले: ही भांडणे पुरे झाली, कोणीतरी एकजण येऊन घडी बसवू दे. २८ मे १९२६ रोजी ब्रागा शहरातून लष्कर निघाले तेव्हा प्रजासत्ताकाच्या बचावासाठी फारसे कोणी उठले नाही. पुढच्या फेब्रुवारीत पोर्तो आणि लिस्बनमध्ये बंड झाले, पण तोवर उशीर झाला होता. रक्त सांडून ते मोडले गेले.

सेनापतींना सत्ता घेता आली, राज्य चालवता येईना. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सालाझारच्या चाहत्यांच्या कहाणीतून ती नेमकी गळते. प्रजासत्ताकाच्या शेवटच्या सरकारांनी चलन सावरत आणले होते, तूटही बरीच आटोक्यात आली होती. पुढे जो खड्डा पडला तो बऱ्याच अंशी लष्करानेच आपल्या खर्चाने पाडलेला. तो भरायला सेनापतींनी राष्ट्रसंघाकडे १ कोटी २० लाख पौंडांचे कर्ज मागितले. राष्ट्रसंघ म्हणाला, देतो, पण तुमच्या तिजोरीवर आमचे निरीक्षक बसतील. देशात संतापाची लाट उठली. कर्ज नाकारले गेले, आणि सेनापतींनी कुइंब्रा विद्यापीठातल्या त्या प्राध्यापकाला बोलावणे धाडले.

बोलावणे दुसऱ्यांदा होते. १९२६ मध्ये त्याला अर्थमंत्री केले होते, पण हवे ते अधिकार मिळत नाहीत असे दिसताच गडी काही दिवसांत कुइंब्राला परत गेला आणि वर्गावर हजर झाला. माझ्या मते त्याच्या साऱ्या राजकारणातली ही सर्वांत हुशार खेळी. सत्तेमागे धावणाऱ्याला लोक ओळखतात. सत्ता टाकून घरी जाणाऱ्यापुढे हात जोडतात. २७ एप्रिल १९२८ रोजी तो आला तो अटी घालून. प्रत्येक खात्याने अर्थखात्याने आखून दिलेल्या रकमेत भागवायचे. जमाखर्चाला धक्का लागेल असा कोणताही निर्णय त्याला विचारूनच घ्यायचा. आणि कोणताही खर्च अडवण्याचा अधिकार त्याच्याकडे असेल. ऐकायला या अटी किती रुक्ष वाटतात! पण तोफ घ्यायची तर पैसा लागतो, शाळा काढायची तर पैसा लागतो, कैद्याला बेटावर धाडायचे तर बोटीचे भाडे लागते. ज्याच्या सहीवाचून पैसा सुटत नाही त्याच्या परवानगीवाचून काहीच होत नाही. गणवेशातल्या माणसांनी बंदूक स्वतःकडे ठेवली आणि चावी त्याच्या हाती दिली, आणि आपण काय दिले हे त्यांना कळायला दोन-तीन वर्षे लागली.

पहिल्याच वर्षी अंदाजपत्रकात शिल्लक पडली. कर वाढवले, खर्च छाटले, हिशेब लागला. हे खोटे नव्हते. हुकूमशहा थापा मारून येतात असे आपण म्हणतो तेव्हा आपली सोय पाहतो, कारण मग लोकांना भोळे ठरवून मोकळे होता येते. सालाझारने शब्द दिला आणि पाळला. पुढे चाळीस वर्षे लोकांना गप्प करायला ती शिल्लक पुरली. जगात मंदी आली, बँका बुडाल्या, शेजारच्या स्पेनमध्ये यादवी पेटली, आणि प्रत्येक वेळी लिस्बनमधली वर्तमानपत्रे लिहीत राहिली: बघा, आपल्याकडे किती शांतता आहे.

त्या शांततेला कायद्याची चौकट १९३३ मध्ये मिळाली. नवी राज्यघटना सार्वमताला टाकली आणि जे मत द्यायला आले नाहीत त्यांची मते 'होय' मध्ये धरली. घरी बसलात तर संमती! मला तर वाटते, पुढची सगळी राजवट या एका तरतुदीत आहे. हिटलरला घरी बसणारा नागरिक चालत नव्हता, त्याला मिरवणुकीत हात उंचावणारा हवा होता. सालाझारला घरी बसणाराच हवा होता. घटनेत मतस्वातंत्र्य लिहिलेले होते, शेजारीच 'खास कायद्यांनी त्याचे नियमन होईल' असेही लिहिले होते. ११ एप्रिल १९३३ रोजी घटना अमलात आली आणि त्याच तारखेला छापण्यापूर्वीच्या सेन्सॉरचा हुकूम निघाला. देणे आणि काढून घेणे, एकाच दिवशी. सेन्सॉरचे अधिकारी निळी पेन्सिल वापरीत. वर्तमानपत्राला आपण सेन्सॉरकडून पास झालो आहोत हे अंकावर छापावे लागे, पण काय कापले गेले त्याची मोकळी जागा दिसता कामा नये असा दंडक. वाचकाला वाटावे, आज बातम्याच नव्हत्या.

समाज बदलायचा तर शाळेत शिरावे लागते, आणि सालाझार शिरला. त्याच्या कारकिर्दीला दहा वर्षे झाली म्हणून १९३८ मध्ये शाळाशाळांतून भिंतीवर लावायला तक्ते वाटले गेले. त्यांचे नावच 'सालाझारची शिकवण'. त्यातला शेवटचा तक्ता पोर्तुगालमध्ये आजही ओळखीचा आहे. एक शेतकऱ्याचे घर. धनी कामावरून परत येतो आहे, दार उघडे आहे. बायको चुलीपाशी. मुलगी खेळते आहे. मुलगा युवक संघटनेच्या गणवेशात वडिलांना पाहून उभा राहिला आहे. मेजावर पाव आणि वाइन, कोनाड्यात क्रूस, बाहेर दूर टेकडीवर किल्ला आणि त्यावर झेंडा. खाली तीन शब्द: देव, देश, कुटुंब. चित्र गोड आहे, त्यात कोणी कोणाला मारत नाही. पण जरा निरखून पाहा. घरात वीज नाही. नळ नाही. आणि चित्रातल्या कोणालाही त्याची उणीव वाटत नाही. गरिबी हा सोडवायचा प्रश्न न राहता जपायचा संस्कार झाला. त्याच वर्षी प्रचारखात्याचा प्रमुख आंतोनियो फेर्रो याने 'सर्वांत पोर्तुगीज गाव' अशी स्पर्धा लावली आणि मोन्सांतु नावाच्या खडकाळ खेड्याला चांदीचा कोंबडा बक्षीस दिला. मोठमोठ्या शिळांना टेकून बांधलेल्या त्या घरांत राहणाऱ्यांना कोंबड्याचा काय उपयोग झाला, ते असो.

त्या मुलाच्या गणवेशाकडेही पाहायला हवे. १९३६ मध्ये निघालेल्या त्या संघटनेच्या पट्ट्याच्या बकलावर एकच अक्षर होते, 'एस'. शाळेत सांगत, हा 'सेवा करणे' या शब्दाचा 'एस'. आणखी कोणाचे नाव त्या अक्षराने सुरू होते हे मुलांना सांगावे लागत नसे. त्याच वर्षी सरकारी नोकरांसाठी प्रतिज्ञापत्र आले: आपण साम्यवाद आणि राज्य उलथवणारे सर्व विचार नाकारतो असे लिहून द्यायचे. शिक्षकापासून शिपायापर्यंत. बहुतेकांनी सही केली, कारण घरी पोरे होती. त्या सहीने मत कोणाचेच बदलले नाही. मात्र आपण सही केलेली आहे हे ज्याचे त्याला कायमचे माहीत झाले, आणि असा माणूस पुढे दुसऱ्याच्या बाजूने बोलायला उठत नाही.

आणि सिगारेटच्या लायटरची गोष्ट. ही मला फार आवडते, कारण हुकूमशाहीवरच्या जाडजूड ग्रंथांत ती सापडत नाही. पोर्तुगालमधल्या आगपेट्यांच्या धंद्याला संरक्षण म्हणून १९३७ मध्ये नियम झाला, की लायटर वापरायला परवाना लागेल. रस्त्यात कोणी लायटर पेटवला तर त्याला कागद विचारता येई. कागद नसेल तर दंड. त्या दंडात पकडणाऱ्याचा वाटा, आणि कोणी चुगली केली असेल तर चुगलखोराचाही वाटा. हा नियम १९७० पर्यंत चालू होता. त्यात राजकारण काही नाही, कोणी तुरुंगात गेले नाही. पण कॅफेत शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस आपल्या खिशाकडे का बघतो आहे, ही शंका त्याने एका साध्या काडीपुरत्या गोष्टीला चिकटवली. गुप्त पोलिसांना जे काम माणसे पेरून करावे लागते त्याची सवय इथे फुकटात लागली.

गुप्त पोलीस होतेच. १९४५ नंतर त्यांचे नाव 'पिदे' झाले. कैद्याला दिवसेंदिवस उभे ठेवणे, झोपू न देणे ही त्यांची पद्धत. केप व्हर्दच्या बेटावर ताराफाल येथे छावणी, किनाऱ्यावर पेनिश आणि काशियासचे किल्ले. महायुद्ध संपल्यावर लोकशाहीवाद्यांना थोडी मोकळीक दिल्यासारखे दाखवले, तेव्हा हजारोंनी विरोधकांच्या यादीवर सह्या केल्या. सरकारने तपासणीसाठी म्हणून त्या याद्या मागून घेतल्या, आणि मग त्या यादीबरहुकूम नोकऱ्या गेल्या. बेंतु कारासा हा गणिताचा नामवंत प्राध्यापक, स्वस्त किमतीत विज्ञानाची पुस्तके सामान्यांपर्यंत नेणारा. त्यालाही १९४६ मध्ये विद्यापीठातून काढले. सालाझारने माणसे मारली ती जर्मनीच्या मानाने थोडी, असे त्याचे वकील आजही सांगतात. खरे आहे. त्याला थोडीच पुरली.

आता गोव्याकडे येतो.

१९१० ची क्रांती लिस्बनमध्ये झाली, पण तिचा मोठा लाभ गोव्यातल्या हिंदूंना झाला. राज्य आणि चर्च वेगळे झाले, बरोबरीचे नागरिकत्व मिळाले, मराठी शाळांना, वाचनालयांना, नियतकालिकांना बहर आला. केप्यातून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई 'भारत' काढू लागले. म्हणजे पोर्तुगीज माणसाला ज्या सोळा वर्षांचा वीट आला होता, ती गोव्यातल्या अनेकांना मोकळ्या श्वासाची पहिली वर्षे होती. एकाच राज्यातल्या दोन टोकांना एकच काळ किती वेगळा दिसतो! १९३० मध्ये सालाझारने वसाहतविषयक कायदा आणला: परमुलूख ताब्यात ठेवणे आणि तिथल्या रहिवाशांना सुसंस्कृत करणे हा पोर्तुगीज राष्ट्राचा स्वभावधर्मच आहे, असा त्याचा सूर. सुसंस्कृत कोणाला करणार, तर ज्यांच्या घरात मराठी पोथ्या आणि पोर्तुगीज वर्तमानपत्रे दोन्ही वाचली जात त्यांना. पणजीच्या कौन्सिलात लुईस द मिनेझिस ब्रागांझा उभे राहिले आणि त्यांनी स्वयंनिर्णयाचा हक्क सोडणार नाही असा ठराव मांडला. ते उत्तम पोर्तुगीजमध्ये लिहिणारे पत्रकार, जन्माने ख्रिस्ती, विचाराने कट्टर प्रजासत्ताकवादी. त्यांचे 'प्रकाश' हे नियतकालिक १९३७ मध्ये बंद पडले, पुढच्याच वर्षी ते गेले.

सेन्सॉर गोव्यात लिस्बनपेक्षा कडक होता, कारण इथे त्याला न कळणाऱ्या भाषाही होत्या. सभेला परवानगी, पत्रकाला परवानगी. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी दाखवून आणावी लागे. मुलीच्या बापाने मुहूर्त धरायचा आणि साहेबाच्या शिक्क्याची वाट पाहायची. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस बोलायला उभे राहिले, तेव्हा विनापरवाना सभा हीच मुळात क्रांती होती. भाषण पुरे होऊ दिले नाही, पण लोक जमले होते. त्याच वर्षी गोमंतकीय राष्ट्रवादी नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि आठ वर्षांची सजा देऊन त्यांना पेनिशच्या किल्ल्यात धाडले.

डॉ. पुंडलिक गायतोंडे यांचे प्रकरण तर एका मेजवानीतले. म्हापशाचे हे शल्यविशारद, शिक्षण पोर्तुगालमधले, पत्नी पोर्तुगीज. फेब्रुवारी १९५४ मध्ये एका जेवणाच्या प्रसंगी भाषणे चालली होती आणि वक्त्याने गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचे काहीतरी म्हटले. असे वाक्य त्या काळी रोज कोणीतरी बोलत असे, ऐकणारे पेला उचलत. गायतोंडे म्हणाले, माझा निषेध. बस, एवढेच. त्यांना अटक झाली आणि लिस्बनला रवाना केले गेले. मिरवणूक नाही, पत्रक नाही, जेवणाच्या टेबलावर दोन शब्द. राजवटीने त्यांना इतके घाबरावे हे मला अजिबात विचित्र वाटत नाही. घरी बसलेल्यांची मते 'होय' मध्ये धरणाऱ्या राज्यात जेवता जेवता 'नाही' म्हणणारा माणूस सगळा हिशेब बिघडवतो.

१९५१ मध्ये वसाहतींना सागरपार प्रांत म्हणायला सुरुवात झाली होती. भारताशी बोलणी करायची नाहीत, याला हे कारण आयतेच मिळाले: प्रांत कोणी देऊन टाकतो का? मग १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली गेली. त्या मोहिमेत संगीतकार सुधीर फडके होते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. १९५५ मध्ये नानासाहेब गोरे, सेनापती बापट, मधू लिमये आणि कितीतरी अनामिक सत्याग्रही सरहद्द ओलांडून गेले. १५ ऑगस्टला नि:शस्त्र माणसांवर गोळ्या चालल्या. पकडलेल्यांना पोलीस चौकीत काय भोगावे लागले त्याच्या आठवणींत एक नाव पुन्हा पुन्हा येते, काझिमिरो मोंतेरो. हा मूळचा गोव्यातलाच, मारहाणीसाठी कुप्रसिद्ध.

आणि याच मोंतेरोमुळे मी हा विषय गोवा आणि पोर्तुगाल असा दोन भागांत करायचे टाळतो. १९५८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जनरल उंबेर्तु देल्गादो यांनी सालाझारला उघड आव्हान दिले. निवडून आलो तर त्याला काढणार, असे त्यांनी भर पत्रकार परिषदेत सांगितले आणि पोर्तोत त्यांच्या स्वागताला रस्ते ओसंडले. निकाल अर्थातच सरकारने लिहिला तसा लागला, आणि पुन्हा असा प्रसंग नको म्हणून राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द केली. देल्गादो परागंदा झाले. १३ फेब्रुवारी १९६५ रोजी पिदेने त्यांना स्पेनच्या सरहद्दीवर भेटीच्या मिषाने बोलावून ठार मारले. पिस्तूल चालवणारा होता काझिमिरो मोंतेरो. गोव्यातल्या कोठड्यांत हात बसलेला माणूस दहा वर्षांनी पोर्तुगालच्याच जनरलवर सोडला गेला. वसाहतीत जे चालवून घेतले ते घरी परत आले, बढती घेऊन.

डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य सरहद्दीवर. सालाझारने गोव्याच्या गव्हर्नर जनरलला, वासालो ई सिल्वाला, तार पाठवली. तिचा मथितार्थ असा, की शरणागती नाही. आपले सैनिक आणि खलाशी एक तर विजयी असतील नाहीतर मेलेले. आठ दिवस तरी झुंज द्या. सुमारे साडेतीन हजार सैनिक, विमानविरोधी तोफांचा पत्ता नाही. रणगाडाविरोधी गोळ्यांसाठी सॉसेज हा सांकेतिक शब्द वापरला म्हणून लिस्बनहून खरोखरची सॉसेज आली, असे त्या वेळचे पोर्तुगीज अधिकारी सांगत. सालाझारने गोवा जन्मात पाहिला नव्हता. कुठलीच वसाहत पाहिली नव्हती. नकाशावर मात्र ती होती, आणि नकाशावरची माणसे मरायला सांगणे सोपे जाते. वासालोने १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. त्याने आपले सैनिक वाचवले, पणजी वाचवली, आणि मायदेशी परतल्यावर त्याची सैन्यातून हकालपट्टी झाली. ही राजवट उलथवणाऱ्या १९७४ च्या क्रांतीनंतर त्याला मान परत मिळाला. पुढे तो गोव्याला येऊनही गेला आणि लोकांनी त्याचे चांगले स्वागत केले.

शेवट लवकर सांगतो. ऑगस्ट १९६८ मध्ये एस्तोरिलच्या सागरी किल्ल्यात सालाझार खुर्चीवरून पडला, मेंदूला इजा झाली. सप्टेंबरात त्याच्या जागी मार्सेलु कायतानुची नेमणूक झाली. पण हे त्याला सांगायची कोणाची छाती होईना. मंत्री येत, बसत, त्याच्याशी कारभाराचे बोलत. २७ जुलै १९७० रोजी तो वारला तो आपण पंतप्रधान आहोत अशाच समजुतीत. नेता मनातून उतरला तरी त्याच्यासमोर खरे बोलायचे नाही, हे वळण त्याने स्वतःच लावलेले. दरम्यान जानेवारी १९६९ मध्ये मोहन रानडे सुटले. गोव्यात मराठी शिकवायला म्हणून गेलेला हा सांगलीकडचा तरुण आझाद गोमंतक दलात लढला, १९५५ मध्ये पकडला गेला. गोवा मुक्त झाला तरी हा मात्र लिस्बनजवळच्या तुरुंगातच राहिला, आणखी सात वर्षे.

२००७ मध्ये पोर्तुगालच्या सरकारी दूरचित्रवाणीने 'थोर पोर्तुगीज' असा कौल घेतला. ४१ टक्के मते घेऊन सालाझार पहिला आला. टीव्हीवरचा फोनचा कौल म्हणजे देशाचे मत नव्हे, कबूल. पण त्याला मत देणारे काय म्हणत होते ते ऐका: तो गरीब मेला, त्याने काही खाल्ले नाही, तिजोरीत आठशे टनांहून जास्त सोने ठेवून गेला. सगळे खरे. त्याच देशात १९७० साली जवळजवळ चौथा हिस्सा माणसांना अक्षरओळख नव्हती, आणि लाखो तरुण चोरवाटांनी सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये गवंडीकाम करत होते, आफ्रिकेतल्या वसाहती राखण्याच्या लढाया टाळत होते. हेही खरे, पण हे हिशेबाच्या वहीत कधी चढलेच नाही.

त्या कौलात दुसरा आला आल्वारु कुन्याल, सालाझारने अकरा वर्षे तुरुंगात ठेवलेला साम्यवादी नेता. १९६० मध्ये पेनिशच्या त्याच किल्ल्याच्या तटावरून तो निसटला होता. तिसरा आला आरिश्तिदिश द सोझा मेंदिश, बोर्दोमधला पोर्तुगालचा वाणिज्यदूत. १९४० मध्ये सालाझारचा हुकूम मोडून त्याने हजारो निर्वासितांना, त्यांत कितीतरी ज्यूंना, व्हिसा दिले. शिक्षा म्हणून त्याला खात्यातून दूर केले गेले, आणि तो कंगाल अवस्थेत वारला. जाहीर कार्यक्रमात ही तीन नावे एकापाठोपाठ वाचली गेली.